माळ रिकामा नव्हता

(कापूस-ज्वारी पट्ट्यातील जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भावाबद्दल, कर्जाबद्दल आणि विजेबद्दल बोलणारे आधी बोलून गेले, पुढेही बोलतील. आमच्या वाट्याला आलेला विषय ऐकून काही जण म्हणतील, ओव्या, पोथ्या आणि गवत यांचा आपल्या पोटापाण्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो थेट गावच्या गायरानाच्या सातबाऱ्यापर्यंत जातो. म्हणून अर्धा तास शांतपणे ऐकून घ्या. पटले नाही तर शेवटी उभे राहून विचारा.

आपल्या गावाभोवती जो माळ आहे, बरड आहे, गायरान आहे, त्याला सरकारी कागदात काय म्हणतात? पडीक. इंग्रजीतून आलेला शब्द आहे 'वेस्टलँड'. म्हणजे वाया गेलेली जमीन. १९८५ साली दिल्लीत या पडीक जमिनींच्या विकासासाठी एक स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. पुढे उपग्रहावरून फोटो काढून पडीक जमिनींचे नकाशे छापले गेले. त्या नकाशांत आपले कितीतरी माळ 'वाया गेलेली जमीन' म्हणून रंगवलेले आहेत. ज्या जमिनीवर आषाढापासून दिवाळीपर्यंत गावाची गुरे चरतात, ती जमीन वाया गेलेली! हे ठरवणाऱ्याने तिथे एक दिवस तरी गुरे राखली होती का?

हा शिक्का आला कुठून?

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो तेव्हा आम्हालाही हेच शिकवले गेले. धडा असा होता. पूर्वी सह्याद्रीपासून पूर्वेला सगळीकडे दाट जंगल होते. माणसाने ते तोडले, गुरांनी आणि मेंढरांनी ते खाल्ले, वणव्यांनी ते जाळले. उरला तो माळ. म्हणजे माळ हे आजारी जंगल आहे आणि त्यावर औषध एकच, झाडे लावणे.

या समजुतीला शास्त्राचा आधार दिला तो इंग्रज अमदानीतल्या वनखात्याने. हॅरी चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९३६ साली हिंदुस्थानातल्या जंगलांची वर्गवारी केली. १९६८ साली चॅम्पियन आणि सेठ या दोघांनी ती सुधारून पुन्हा छापली. वनखात्याचे काम आजही मोठ्या प्रमाणावर त्याच वर्गवारीवर चालते. जंगल मोजणाऱ्याने केलेली ती वर्गवारी. साहजिकच तिच्यात गवताला मान नाही. गवताळ प्रदेश म्हणजे जंगलाची बिघडलेली पायरी, असाच तिचा सूर आहे.

आता यात दोषी कोण ठरले ते पाहा. गुरे राखणारा, मेंढरे वळणारा, लाकूडफाटा वेचणारी बाई. आणि रक्षणकर्ता कोण ठरला? कुंपण घालणारा. १८८३ साली महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. त्यात त्यांनी हे दुखणे नेमके सांगितले आहे. पूर्वी थोडी जमीन असलेला शेतकरी रानातली फळे खाऊन, पळस-मोहाची पाने-फुले आणि लाकूडफाटा विकून, गावच्या गायरानावर एखाददुसरी गाय आणि दोनचार शेळ्या पाळून गावातच तग धरून राहत असे. वनखाते आले, त्याने डोंगर-खोरी आणि गायराने आपल्याकडे ओढली, आणि गरिबाच्या शेळीला पाय ठेवायला जागा उरली नाही. हे पुस्तक आपण राजकारणासाठी वाचतो. ते रानाचे आणि चराईचे दप्तर म्हणूनही वाचायला हवे, कारण त्यात शेतकऱ्याच्या बाजूची नोंद आहे.

पोथीतून निघालेला पुरावा

आता नवी गोष्ट सांगतो. २०२५ साली ब्रिटनच्या इकॉलॉजिकल सोसायटीच्या 'पीपल अँड नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात एक निबंध छापून आला. लिहिणारे दोघे आहेत, अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातले आशिष नेर्लेकर आणि पुण्याच्या आयसर संस्थेतले दिग्विजय पाटील. एक वनस्पतींचा अभ्यासक, दुसरा जुन्या इतिहासाचा. या दोघांनी साधा प्रश्न विचारला. पश्चिम महाराष्ट्रातले माळ जर इंग्रजांच्या काळात किंवा त्याच्या थोडे आधी जंगल तोडून झाले असतील, तर त्याच्याही आधीच्या मराठी साहित्यात काय दिसायला हवे? दाट जंगल आणि जंगलाची झाडे. आणि माळ जर मुळातच जुने असतील, तर काय दिसायला हवे? गवत, काटेरी झुडपे आणि उन्हात वाढणारी झाडे.

मग त्यांनी जुने साहित्य काढले. संतांची चरित्रे, देवस्थानांच्या कथा, काव्ये, धनगरांच्या ओव्या आणि लोककथा. सर्वांत जुने साहित्य तेराव्या शतकातले, म्हणजे यादवांच्या काळातले. रानाचे वर्णन असलेल्या अठ्ठावीस कथा त्यांनी निवडल्या आणि त्यांत नाव घेऊन आलेल्या रानझाडांची यादी केली. ४४ जातींची नावे निघाली. त्यांतल्या २७ जाती माळरानाच्या खुणेच्या निघाल्या, १४ दोन्हीकडे वाढणाऱ्या, आणि निव्वळ जंगलाच्या खुणेच्या फक्त ३.

२७ विरुद्ध ३, भावांनो. म्हणजे सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वीही तो मुलूख मोकळा, गवताचा आणि काट्यांचा होता. नीरा नदीच्या खोऱ्यात मेंढरे-गुरे घेऊन आलेल्या लोकांची कथा एका जुन्या काव्यात आहे. ते तिथे का थांबले? रान मोकळे होते, काटेरी होते, आणि गवत होते म्हणून. त्यांनी जंगल तोडून गवत केले असे ती कथा सांगत नाही. गवत पाहून ते आले, असे सांगते.

दुसरे उदाहरण तुमच्यातल्या वारकऱ्यांना माहीत आहे. संत कान्होपात्रा मंगळवेढ्याची. पंढरपुरात विठ्ठलाच्या पायाशी तिने देह ठेवला आणि तिथे तरटीचे झाड उगवले, अशी कथा आहे. मंदिरात ते झाड दाखवतातही. आता तरटी हे झाड कसले? काटेरी, बेताच्या उंचीचे, उघड्या कोरड्या माळावर वाढणारे. दाट सावलीत ते टिकत नाही. भाविकाला त्यात चमत्कार दिसतो, तो त्याचा अधिकार. वनस्पती ओळखणाऱ्याला त्यात दुसरी गोष्टही दिसते. ज्या लोकांनी ही कथा सांगितली त्यांच्या डोळ्यांसमोरचे ओळखीचे झाड तरटी होते. आणि मंगळवेढा कशासाठी प्रसिद्ध? ज्वारीसाठी. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. तरटीचा मुलूख तोच मालदांडीचा मुलूख.

कथेवर भरवसा ठेवायचा का?

इथे एखादा शिकलेला पोरगा उठून म्हणेल, काका, कवी काय वाटेल ते लिहितो. वनवर्णन आले की सगळ्या झाडांची नावे ओळीने घेतो. काही त्याने पाहिलेलीही नसतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून या अभ्यासात एकट्या कथेवर भिस्त ठेवलेली नाही. झाडाचे नाव कथेतून घेतले. ते झाड कुठे वाढते हे वनस्पतिशास्त्रातून घेतले. मग त्याला इतर पुराव्यांची जोड दिली: जुनी सरकारी दप्तरे, जुनी चित्रे, गाळात सापडणारे परागकण, आणि पाणघोड्यासारख्या गवतावर जगणाऱ्या प्राण्यांची नदीकाठी मिळालेली हाडे. वेगवेगळ्या वाटांनी येऊन पुरावे एकाच ठिकाणी मिळतात तेव्हा ती गोष्ट मानावी लागते. शेताची हद्द मोजणारा मोजणीदार एका खुणेवर भागवत नाही, दोन-तीन खुणांवरून रेघ धरतो. तसेच हे.

आणखी एक लक्षात घ्या. कथेत झाड उगाच येत नाही. सावली द्यायला येते, काटा मोडायला येते, शेळीने पाला खाल्ला म्हणून येते. सांगणाऱ्याला जंगलाची वर्गवारी करायची नव्हती, म्हणूनच त्याची साक्ष निर्मळ आहे.

मातीच्या बाजूनेही पाहा. सह्याद्री ओलांडला की पाऊस झपाट्याने कमी होतो. पर्जन्यछायेच्या मुलखात वर्षाला पाचशे ते सातशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत, आणि पुढचे सात-आठ महिने कोरडे. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांत कोवळ्या रोपांची मुळे तुटतात. मुरमाड माळावर तर हातभर खाली खडक लागतो. अशा ठिकाणी गवत का जिंकते? त्याचा जीव जमिनीखाली असतो. वरचा भाग वाळला, चरला, जळला तरी पहिल्या पावसाला ते फुटते. कुसळी, पवना, मारवेल ही सगळी अशीच. आणि आपली ज्वारी कोण? तीही गवतच. आफ्रिकेच्या मोकळ्या गवताळ मुलखातून हजारो वर्षांपूर्वी ती निघाली. तिला आपली भूमी मानवली, कारण भूमी तिच्या माहेरासारखी होती. मारवेल आणि मालदांडी एकाच कुळातल्या बहिणी आहेत. एक माळावर राहिली, एक शेतात आली.

मग आपले काय अडले?

आता पोटाच्या हिशेबाकडे येऊ. माळाला आजारी जंगल म्हटले की त्यावर खड्डे खणायला सरकार मोकळे होते. २०१६ साली राज्यात दोन कोटी झाडांचा संकल्प झाला, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी, २०१९ साली तेहेतीस कोटी. एवढे खड्डे कुठे खणायचे? ज्या जमिनीला मालक बोलणारा नाही तिथे. म्हणजे पुष्कळ ठिकाणी गायरानावर आणि माळावर. झाड जगले तर खालचे गवत सावलीने मरते. झाड मेले तर खड्डा राहतो आणि चराईबंदीचा फलक राहतो. दोन्हीकडून गुरांचे तोंड बांधले जाते.

हिशेब मांडून पाहा. एका बैलाला दिवसाला सहा किलो कोरडा चारा धरा. जोडीला बारा किलो. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचे चार महिने, म्हणजे एकशेवीस दिवस धरले तर १,४४० किलो झाले. माळाने यातला अर्धा वाटा जरी उचलला, तरी सात क्विंटलांवर कडबा वाचतो. त्याला आपल्या बाजाराच्या भावाने गुणा. ज्वारीचा पेरा घटून सोयाबीन वाढले तसा घरचा कडबाही घटला. म्हणजे माळाची गरज पूर्वीपेक्षा आज जास्त आहे. आणि धनगराची मेंढरे? पेरणीआधी ती शेतात बसवली की लेंडी-मुताचे खत मिळते. ती मेंढरे वर्षभर जगतात कशावर? माळावर. माळ बंद झाला की मेंढरू जाते, आणि मेंढरू गेले की खताची गोणी येते, उधारीवर. आमच्या मते माळ हे कोरडवाहू शेताचे न नांगरलेले अंग आहे. ते तुटले की राहिलेले शेत लंगडे होते.

माळाचे दुसरेही धनी आहेत. माळढोक पक्ष्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली अभयारण्य झाले. तरी आज महाराष्ट्रातला माळढोक जवळजवळ संपला आहे. लांडगा, खोकड, चिंकारा यांचे घर माळच. दाट झाडीत ते राहत नाहीत. म्हणजे झाडे लावून निसर्ग वाचवतो असे म्हणणारा इथे निसर्गाचेही नुकसान करतो आणि गुराख्याचेही.

दोन खड्ड्यांपासून सावध

पण एक टोक सोडून दुसरे पकडू नका. दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात.

पहिली. हा अभ्यास पश्चिम महाराष्ट्राच्या माळांचा आहे. यवतमाळ, गडचिरोली किंवा मेळघाटचा नाही. तिथे खरोखर जंगल होते आणि आहे. ते तोडण्याला या निबंधाचा आधार घेता येणार नाही. प्रत्येक मुलखाची गोष्ट वेगळी असते आणि ती त्या त्या मुलखातच शोधावी लागते. झाडाशी आपले वैर नाही. बांधावर निंब हवा, बाभूळ हवी, विहिरीवर आंबा हवा, ओढ्याकाठी करंज हवा. प्रश्न एवढाच आहे की कुठे काय लावायचे हे कोण ठरवणार, आणि कशाच्या आधारावर.

दुसरी गोष्ट अधिक धोक्याची. उद्या कोणी म्हणेल, माळ कधीच जंगल नव्हता ना, मग तो मोकळाच आहे. द्या कारखान्याला, द्या सौरप्रकल्पाला, टाका प्लॉट. त्याला उत्तर द्या की माळ उघडा होता, रिकामा कधीच नव्हता. सातशे वर्षांच्या कथांत त्यावर माणसे आहेत, मेंढरे आहेत, देव आहेत. बिरोबा, खंडोबा, म्हसोबा यांची ठाणी माळावरच का असतात? कारण ज्यांचे ते देव त्यांचे जगणे माळावरचे. जर्मनीहून आलेल्या गुंथर सोंथायमर या विद्वानाने धनगरांच्या वाड्यावर बसून त्यांच्या ओव्या टिपून घेतल्या. १९९२ साली ते वारले. त्यांच्यासारख्यांनी आणि आपल्याकडच्या रा. चिं. ढेऱ्यांसारख्या अभ्यासकांनी हे जमवून ठेवले नसते, तर माळाच्या बाजूने साक्ष द्यायला आज फार थोडे उरले असते.

कोर्टानेही या बाबतीत काही म्हटले आहे. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब सरकार या खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे हटवून त्या गावाला परत द्या, असे सगळ्या राज्यांना बजावले. त्या निकालाचा रोख बेकायदा कब्ज्यांवर आहे. पण गायरान हे गावाचे आहे, हे त्यात मान्य झाले. तेवढा धागा धरून ठेवा.

काय करायचे?

भाषण ऐकून टाळ्या वाजवायच्या आणि जीपने घरी जायचे, एवढ्याने भागणार नाही. तीन कामे सांगतो. तिन्ही बिनपैशाची आहेत.

एक. गावच्या गायरानाचा सातबारा काढा. क्षेत्र किती, नोंद कशी, त्यावर कोणाकोणाची नावे चढली, हे ग्रामसभेत वाचून दाखवा. पुष्कळ गावांत गायरान किती एकर होते हे फक्त म्हाताऱ्यांना माहीत आहे आणि किती उरले हे फक्त तलाठ्याला.

दोन. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बहुतेक गावांनी ती नोंदवही पाहिलेली नाही. ती मागा. तिच्यात माळावरच्या गवतांची, झुडपांची, पाखरांची नावे आपल्या बोलीत लिहा. कुसळी कोणत्या उतारावर, मारवेल कोणत्या ओढ्याला, तरटी आणि हिवर कुठे, हे गुराख्याला विचारून लिहा. हा कायद्यातला कागद आहे. उद्या कोणी 'इथे काहीच नव्हते' म्हणाला तर तो कागद पुढे करता येईल.

तीन. हे काम मायबहिणींचे आहे. जात्यावरच्या ओव्या, पेरणीची गाणी, देवाच्या कथा, वाड्यावरच्या ओव्या, ज्यांना येतात त्या म्हाताऱ्या आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. तसे काम आपापल्या गावापुरते कोणालाही करता येईल. शाळेतल्या पोरीला वही द्या, आजीसमोर बसवा. ज्या ओवीत झाडाचे, गवताचे, ओढ्याचे नाव येते तिच्यासमोर खूण करा आणि आजीला विचारा, हे झाड कुठे होते? ते ठिकाणही लिहा. पोरीच्या मोबाइलवर आवाज टिपून ठेवला तर आणखी चांगले.

आजवर आपण असे समजत आलो की पुरावा म्हणजे साहेबाच्या सहीचा कागद. आजीची ओवी ही करमणूक, पोथी ही भक्ती आणि गुराख्याचे ज्ञान हे अडाणीपण. २०२५ च्या त्या निबंधाने जगाच्या शास्त्रज्ञांसमोर हे मांडले आहे की मराठी ओव्या आणि मराठी कथा हा जमिनीचा पुरावा आहे. शंभर वर्षे आपल्यावर आरोप होता की तुमच्या गुरांनी जंगल खाल्ले. पश्चिमेकडच्या माळांपुरता तरी त्या आरोपाला आपल्या पूर्वजांच्या कथांनीच जबाब दिला आहे. आपल्या जिल्ह्याचा जबाब अजून लिहायचा आहे, आणि तो देणाऱ्या म्हाताऱ्या दरवर्षी कमी होत आहेत.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने किमान एका गावाच्या गायरानाचा उतारा आणि एक भरलेली वही सोबत आणावी, एवढेच मागणे आहे. पेरणीच्या धांदलीआधी सुरुवात करा. पहिल्या पावसानंतर गवत फुटले की ओळखायला सोपे जाते, तेव्हा गुराख्याबरोबर एक दिवस माळावर जा.

तुम्ही शांतपणे ऐकलेत. आता ज्यांना विचारायचे आहे त्यांनी विचारा.